दोन किलोमीटर गेले कुठे?

माझी नात नववीत आहे. तिच्या शास्त्राच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीविषयी असून त्यात अंतर आणि विस्थापन यांतला फरक समजावून दिलेला आहे. एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. गणित सरळ होते. एक मुलगा घरून निघून पूर्वेस तीन किलोमीटर चालतो, मग उत्तरेकडे वळून चार किलोमीटर जातो. तर त्याचे विस्थापन किती? तिने काटकोन त्रिकोण काढला, पायथागोरसला स्मरून नऊ अधिक सोळा पंचवीस केले, आणि कर्णावर पाच हा आकडा लिहिला. उत्तर बरोबर होते. तरी वही मिटायला ती तयार होईना.

"आजोबा," ती म्हणाली, "तो चालला तर सात किलोमीटर. उत्तर पाच. मग दोन किलोमीटर गेले कुठे?"

पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवल्यामुळे असल्या प्रश्नांची उत्तरे माझ्या खिशात सुट्या नाण्यांसारखी तयार असतात. मी म्हणालो, "अगं, अंतर ही अदिश राशी. तिला दिशा नाही, म्हणून तीन आणि चार सात होतात. विस्थापन ही सदिश राशी. ती बाणासारखी असते. तिला लांबी आहे आणि दिशाही आहे. बाणांची बेरीज करायची तर पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडायची, आणि पहिल्याच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत नवा बाण काढायचा. तीच बेरीज."

"ते मला समजलं," ती म्हणाली. "पण चाललेलं कुठेच मोजायचं नाही का?"

खिशातली नाणी संपली. मी म्हणालो, "रविवारी तुला एका ठिकाणी नेतो."

नागपूरकराला हे ठिकाण सांगायला नको. सिताबर्डीकडून सिव्हिल लाइन्सकडे जाताना, विधानभवनाच्या अलीकडे, वालुकाश्माचा एक स्तंभ उभा आहे आणि त्याच्याजवळ चार घोडे आहेत. हाच आमचा झिरो माईल. २०२१ पासून तिथल्या मेट्रो स्थानकालाही त्याचेच नाव मिळाले आहे. स्तंभाच्या पायथ्याशी गावांची नावे आणि मैल कोरलेले आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, चांदा १२५, बैतूल १०१, छिंदवाडा ८३, सिवनी ७९. आमच्या पिढीतल्या प्रत्येक नागपूरकर मुलाला बापाने कधी ना कधी इथे आणून सांगितले आहे की, बाळ, हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू. मलाही तसेच सांगितले गेले, आणि मीही ते पुष्कळ दिवस इतरांना सांगितले. त्या दगडाचे खरे काम काय होते, ते पुढे येईलच.

नातीने हैदराबादचा आकडा वाचला. मी तिला म्हटले, "हे ३१८ मैल म्हणजे सुमारे ५१२ किलोमीटर. ही बैलगाडीच्या चाकाची, घोड्याच्या टापेची आणि पायांची वाट. आता घरी गेल्यावर नकाशातून हैदराबादचे आणि नागपूरचे अक्षांश-रेखांश काढ, आणि सरळ रेषेने हे अंतर किती भरते ते सांग."

तिने ते काढले. नागपूर हैदराबादच्या उत्तरेस सुमारे ४१६ किलोमीटर आणि पूर्वेस सुमारे ६३ किलोमीटर. वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर आले ४२१. म्हणजे तिच्या पुस्तकातल्या मुलाचे दोन किलोमीटर हरवले होते; हैदराबादच्या वाटेवर नव्वद हरवले.

"पण हे ४२१ किलोमीटर कुणी चाललं तरी आहे का?" तिने विचारले.

कुणीच नाही. माणसाच्या पायाने ही रेषा कधी तुडवली नाही. गोदावरी आडवी येते, रान आडवे येते, डोंगर आडवे येतात. तरीही ही रेषा किती लांब आहे आणि कोणत्या दिशेला जाते, हे विमाने उडण्याच्या कितीतरी आधी माहीत झाले होते. ते कसे, याची गोष्ट आमच्या विदर्भाच्या मातीला येऊन भिडते. तीच मी तिला सांगितली, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनाही सांगतो.

विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज पायदळातला अधिकारी. चौथ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तो टिपूविरुद्ध लढला होता. पण त्याचे मन तलवारीपेक्षा गणितात अधिक रमे. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे आणि एका अक्षांशाची लांबी किती भरते, हे त्याला हिंदुस्थानच्या भूमीवर मोजून काढायचे होते. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने आपली पहिली आधाररेषा मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल, आणि मोजायचे साधन शंभर फुटांची पोलादी साखळी. ती साखळी अशी उचलायची आणि अशी ठेवायची, सुमारे चारशे वेळा. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांच्या आधारावर ठेवायची, तिच्यावर सावली धरायची, तापमापक वाचायचा आणि वाढीचा हिशेब वजा करायचा. एप्रिल-मेच्या मद्रासी उन्हात हे सारे चालले होते.

एवढी धडपड साडेसात मैलांसाठीच कशाला? कारण पुढचे शेकडो मैल मग चालून मोजायचे नव्हते. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू कागदावरच निघतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. आधाररेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे दुर्बीण रोखायची आणि दोन कोन वाचायचे. टेकडी कितीही लांब असली तरी तिचे अंतर हाती आले. आता टेकडीपर्यंतची बाजू हीच नवी आधाररेषा. तिच्यावर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा. रांगोळीत ठिपक्यांवरून रेघ पुढे जावी, तसे हे त्रिकोण डोंगरामागून डोंगर उत्तरेकडे सरकत गेले. कोन मोजायचे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाच्या घरातले होते. विलायतेहून येताना ते फ्रेंचांच्या हाती पडले, मॉरिशसला गेले, आणि शास्त्रकार्यासाठी आहे असे कळल्यावर फ्रेंचांनी ते सन्मानाने परत धाडले. दोन राष्ट्रे एकमेकांशी लढत असतानाची ही गोष्ट आहे.

आता नातीच्या वहीकडे वळू. प्रत्येक त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूला लांबी आहे आणि दिशाही आहे. म्हणजे ती बाजू हा एक बाणच झाला. मद्रासपासून निघून एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर जात बिदरपर्यंत पोहोचलो, तर हे सारे बाण टोकाला शेपटी जोडून ठेवायचे आणि पहिल्या शेपटीपासून शेवटच्या टोकापर्यंत एक बाण काढायचा. मद्रास ते बिदर ही सरळ रेषा कुणीही न चालता कागदावर उतरली. मात्र शेकडो मैलांच्या हिशेबात पृथ्वी सपाट कागद नाही, गोल आहे, याची दुरुस्ती प्रत्येक त्रिकोणात करावी लागे. लॅम्ब्टनचा मुख्य उद्देशच तो होता. बेरजेचे तत्त्व मात्र नववीच्या पुस्तकातलेच.

गंमत अशी की, त्या काळी या बेरजेला 'सदिशांची बेरीज' हे नाव नव्हते. बळांची बेरीज समांतरभुज चौकोनाने करावी हे न्यूटनने १६८७ साली छापले होते. पण दिशा असलेल्या रेषांची बेरीज ही एक स्वतंत्र क्रिया आहे, असे स्पष्टपणे मांडणारा कास्पार वेसेल हा नॉर्वेत जन्मलेला आणि डेन्मार्कच्या नोकरीत असलेला एक मोजणीदार होता. त्याचा व्यवसाय जमिनीची मोजणी आणि नकाशे करणे हाच. १७९७ साली त्याने आपला निबंध कोपनहेगनच्या राजकीय अकादमीपुढे ठेवला, तो १७९९ मध्ये छापला गेला, आणि सुमारे शंभर वर्षे त्याच्याकडे कुणाचे लक्षच गेले नाही. मध्यंतरी १८४३ साली डब्लिनमध्ये हॅमिल्टनला चतुर्दलांचे गणित सुचले, आणि पुढे गिब्ज व हेविसाइड यांनी त्यातून आजचे सदिशांचे गणित बेतले. म्हणजे शाळेतल्या मुलांना जे बाण पदार्थविज्ञानाच्या तासाला भेटतात, ते आधी रानावनात उन्हातान्हात हिंडणाऱ्या मोजणीदारांच्या वहीत जन्मले होते.

मोजणीदाराची आणखी एक युक्ती नातीला मी शिकवली, कारण प्रत्येक वेळी काटकोन कुठून मिळणार? प्रत्येक बाणाचे दोन घटक पाडायचे. उत्तरेकडे किती आणि पूर्वेकडे किती. दक्षिण म्हणजे उणे उत्तर, पश्चिम म्हणजे उणे पूर्व. उत्तरेची बेरीज उत्तरेशी आणि पूर्वेची पूर्वेशी. समजा, अमरावतीच्या एका गृहस्थाला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जायचे आहे, आणि वाटेत नागपूरला बहिणीकडे भाऊबीज आटोपायची आहे. अमरावतीहून नागपूर पूर्वेस सुमारे १३६ आणि उत्तरेस २३ किलोमीटर. हा बाण १३८ चा. नागपूरहून चांदा दक्षिणेस १३२ आणि पूर्वेस २२. हा बाण १३४ चा. दोन्ही मिळून पूर्वेस १५८, आणि उत्तरेचे २३ दक्षिणेच्या १३२ मधून वजा जाऊन दक्षिणेस १०९. या दोहोंचा बाण निघतो १९२ किलोमीटरचा. गृहस्थ सरळ रेषांनी गेला असे धरले तरी २७२ किलोमीटर गेला, आणि विस्थापन १९२. ऐंशी किलोमीटर बहिणीच्या घरच्या फराळात जिरले!

नात हसली, पण प्रश्न तिने सोडला नव्हता. मग मी तिला लॅम्ब्टनची उरलेली गोष्ट सांगितली.

मद्रासपासून सुरू झालेली ही त्रिकोणांची माळ दक्षिणेस कन्याकुमारीकडे गेली आणि उत्तरेस निजामाच्या राज्यातून वर सरकली. १८१५ मध्ये बिदरजवळ एक आधाररेषा मोजली गेली. इकडे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सिताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, पुढे आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता गेली, आणि अल्पवयीन राजाच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स कारभार पाहू लागला. नागपूरची वाट अशी इंग्रजांना मोकळी झाली. १८१८ साली या मोजणीला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे भव्य नाव मिळाले, आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण अधिकारी लॅम्ब्टनचा मदतनीस म्हणून दाखल झाला. ज्याचे नाव १८६५ मध्ये जगातल्या सर्वोच्च शिखराला दिले गेले, तोच हा. शिखराची उंची गणिताने काढण्याचे श्रेय जाते ते बंगालच्या राधानाथ सिकदारांकडे. तेही याच खात्यातले गणिती.

यंत्रे उचलणारे, साखळी ओढणारे, शिखरावर झेंडे रोवणारे आणि दुर्बिणीच्या वाटेतली झाडे तोडणारे शेकडो खलाशी या कामात होते. १८१९ साली कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या रानात एव्हरेस्टचे जवळजवळ सारे पथक हिवतापाने आडवे झाले. त्यातले काही जण परत आलेच नाहीत. एव्हरेस्ट स्वतः मरता मरता वाचला आणि हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला गेला. तो ज्या त्रिकोणांसाठी तिथे गेला होता ते पुढे नकाशात ठाकठीक बसले. त्या त्रिकोणांच्या बाजूंवर हिवतापाची खूण कुठेही नाही. बाणाला लांबी असते आणि दिशा असते. त्याच्यामागे किती माणसे खांद्यावर ओझे घेऊन चालली, हे सांगायची सोय त्याच्यात नसते.

१८२२ च्या सुमारास वऱ्हाडात एलिचपूरच्या बाजूला, टाकळखेडा येथे आणखी एक आधाररेषा मोजून झाली. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. लॅम्ब्टन सत्तरीला आला होता. त्याने आपले मुख्य ठाणे हैदराबादेहून नागपूरला हलवायचे ठरवले आणि तो निघाला. वणा नदीच्या काठी, कापसासाठी पुढे नाव काढलेल्या हिंगणघाटला, जानेवारी १८२३ मध्ये तो वाटेतच मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाटहून नागपूर सरळ रेषेने अवघे सत्तर किलोमीटर. तेवढा शेवटचा बाण त्याच्या वहीत काढायचा राहिला.

मी नातीला म्हटले, "आता याचेच विस्थापन काढ. मद्रासला सुरुवात, एप्रिल १८०२. हिंगणघाटला शेवट, जानेवारी १८२३."

तिने नकाशा घेतला. हिंगणघाट मद्रासच्या उत्तरेस सुमारे ८३६ किलोमीटर, पश्चिमेस सुमारे १४५. बाण निघाला साधारण ८५० किलोमीटरचा. मग तिने आपणहून त्याला दिवसांनी भागले, आणि डोळे विस्फारून माझ्याकडे पाहिले. दिवसाला सरासरी एकशे बारा मीटर! शाळेच्या मैदानावरच्या शर्यतीपेक्षा थोडे अधिक.

"एवढंच?" ती म्हणाली.

एवढेच. वीस वर्षे आणि नऊ महिने. त्या काळात या मनुष्याच्या देखरेखीखाली दीड लाख चौरस मैलांहून अधिक मुलूख त्रिकोणांनी विणला गेला होता. तो पूर्वेस गेला, पश्चिमेस गेला, दक्षिणेस उतरला, पुन्हा वर आला. प्रत्येक वेळी उलट दिशेच्या बाणाने आधीचा बाण खाऊन टाकला. शेवटी हिशेबात उरले ८५० किलोमीटर. पुस्तकातल्या मुलाचे दोन किलोमीटर गेले तिथेच लॅम्ब्टनचे हजारो गेले.

पण मोजणीदाराच्या दृष्टीने ते हरवले नव्हते, आणि हे समजायला आम्हांला पुन्हा झिरो माईलपाशी यावे लागले. त्या स्तंभाजवळच्या मोजणीच्या दगडावर १९०७ हे साल आहे. मोजणीच्या भाषेत तो 'स्टँडर्ड बेंच मार्क', म्हणजे उंचीची पक्की खूण. स्तंभाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे, म्हणजे सुमारे ३११ मीटर. समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर. मग फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत ही उंची इथे आली कशी? तीसुद्धा बेरजेनेच. १८५८ पासून १९०९ पर्यंत देशभर उंचीची मोजणी चालली होती. कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांत समुद्राची सरासरी पातळी ठरवून, तिथून पावलापावलाने आत यायचे. दोन काठ्या उभ्या करायच्या, मध्ये समतल दुर्बीण ठेवायची, आणि पुढची जमीन मागच्यापेक्षा किती वर किंवा किती खाली आहे ते लिहायचे. वर गेले तर अधिक, खाली आले तर उणे. घाट चढताना मिळवलेले उतारावर गमवायचे. त्या सगळ्या अधिक-उण्यांची बेरीज म्हणजे तो १०२०.१७१ हा आकडा. झिरो माईलच्या दगडाचे खरे काम ते हे.

आता या मोजणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोजणीदार बरोबर आला की चुकला, हे त्याला कळते कसे? एक उपाय म्हणजे लांबवर गेल्यावर पुन्हा एक आधाररेषा साखळीने प्रत्यक्ष मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. लॅम्ब्टनच्या बाबतीत हा फरक इंचांत भरे. दुसरा उपाय त्याहून जुना आणि साधा: जिथून निघालो तिथेच परत यायचे. वाटेतल्या सगळ्या बाणांची बेरीज शून्य आली पाहिजे. सगळ्या चढउतारांची बेरीज शून्य आली पाहिजे. ती शून्य आली नाही, चार इंच कमी किंवा पाच इंच जास्त आली, तर समजायचे की वाटेत कुठेतरी साखळी सैल पडली, कुठेतरी आकडा चुकीचा लिहिला गेला. शून्य आले की मोजणीदार सुटकेचा श्वास टाकतो. वर्गात मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो की घरी परत आलेल्याचे विस्थापन शून्य, आणि मुले हसत आली, जणू तो बिचारा फुकटच हिंडला. मोजणीदाराच्या लेखी ते शून्य म्हणजे केलेल्या साऱ्या कामाची साक्ष आहे. चाललेले प्रत्येक पाऊल त्या शून्यात तपासले गेलेले असते.

आपल्या लोकांना हे शास्त्र न शिकताच ठाऊक होते. प्रदक्षिणेचे विस्थापन काय? शून्य. नर्मदेची परिक्रमा करणारा महिनोन्‌महिने चालतो आणि निघाला तिथेच येतो. वारकरी पंढरीला जाऊन आषाढीनंतर आपल्या शिवारात परत येतो. त्याला कुणी म्हणत नाही की, बाबा, तुझा बाण निघाला नाही, तू गेलास कशाला?

याच्या उलटही एक गोष्ट आहे, आणि ती नातीला सांगताना मला जड गेले. मराठीत 'विस्थापन' हा शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाबाहेरही राहतो. नागपूरच्या शेजारी भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळ, वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. नदीकाठची गावे उठली आणि उंचावर नवी गावठाणे बसली. जुन्या गावापासून नव्या गावापर्यंत बाण काढला तर कित्येकांचा तो मोजक्या किलोमीटरांचाच भरेल. पुस्तकातल्या मुलाच्या गणितातही खपून जाईल. पण ज्याचे घर, विहीर, देऊळ आणि बांधावरचा आंबा पाण्याखाली गेला, त्याला आपण 'विस्थापित' म्हणतो तेव्हा किलोमीटर विचारत नाही. तो बाण उलट दिशेने कधीच काढता येत नाही. परत येऊन बेरीज शून्य करण्याची सोयच उरलेली नसते. आखूड बाणाचेही दुःख मोठे असू शकते, हे त्या शब्दाने आपल्या भाषेत मुकाट्याने नोंदवून ठेवले आहे.

मुलांना विस्थापन जरूर शिकवावे. त्याच्याशिवाय नकाशा नाही, जहाज नाही, विमान नाही, आणि आज खिशातल्या फोनवर दिसणारा तो सरकता निळा ठिपकाही नाही. पण शिकवताना एवढे सांगावे की बाण एका प्रश्नाचे उत्तर देतो: निघालो तिथून आता कुठे आहोत? कसे आलो, कोणाच्या खांद्यावरून आलो, वाटेत काय राहिले, हे प्रश्न दुसरे आहेत. त्यांचा हिशेब दुसऱ्या वहीत मांडावा लागतो, आणि ती वहीही भरलीच पाहिजे. इतिहास म्हणतात तो बहुधा त्या दुसऱ्या वहीलाच.

आमच्या घरी दिवाळीला पुण्याहून मुलगी येते, हैदराबादेहून पुतण्या येतो, आणि कुणी ना कुणी सातासमुद्रापलीकडूनही येते. वर्षभर ही मंडळी आपापल्या दिशांनी चाललेली असतात. चार दिवस सगळ्यांचे बाण या एका उंबरठ्याशी येऊन मिळतात आणि वर्षाची बेरीज शून्य होते. यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी नात अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. शेवटची रेघ पहिल्या ठिपक्याला जाऊन टेकली, तसे तिने मान वर केली.

"आजोबा, ते दोन किलोमीटर," ती म्हणाली, "पायात आहेत ना?"

मी काही बोललो नाही. पस्तीस वर्षे शिकवूनही मला इतके नेटके उत्तर कधी देता आले नव्हते.